दुसऱ्या बेसवर न पडलेला पाय

आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. मॉरिसव्हिलमधल्या आमच्या टाउनहाउसच्या भिंती पातळ होत्या. पलीकडच्यांचा मिक्सर, त्यांच्या मुलीची व्हायोलिनची प्रॅक्टिस, सगळं आमच्याकडे यायचं. आमच्याकडून पलीकडे काही जात असेल असं मला वाटत नाही. आई नागपूरला असताना चांगली खणखणीत होती, भाजीवाल्याला वरच्या मजल्यावरून हाक मारून थांबवायची. इथे आल्यावर का कोण जाणे तिनं आवाज खाली आणला आणि तो खालीच राहिला. घरात बोंबलणारा एकच, छतावरचा स्मोक अलार्म. रविवारी गोळाभात असायचा. भातात वाफवलेले डाळीचे गोळे ताटात कुस्करायचे आणि वरून हिंग-मोहरीचं कडकडीत तेल ओतायचं. त्याशिवाय रविवार झाला असं आम्हाला वाटतच नसे. तेल तापलं की अलार्म सुरू व्हायचा आणि बाबा खुर्चीवर चढून नॅपकिननं त्याला वारा घालायचे. आई म्हणायची, "पडाल न अहो खाली." बाबा म्हणायचे, "त्याचं अपील सुरू आहे, ऐकून तर घेऊ." हा विनोद ते दर रविवारी करायचे. आम्ही दोघी त्यावर क्वचितच हसायचो, पण एखाद्या रविवारी केला नसता तर चुकल्यासारखं वाटलं असतं.

बाबा एका औषधांच्या कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचे, पण त्यांचा खरा आठवडा शनिवारी सुरू व्हायचा. आपल्या लोकांच्या क्रिकेट लीगमध्ये ते अंपायर होते. खेळायला सगळेच तयार असतात, उन्हात दिवसभर उभं राहायला कुणी नसतं, म्हणून ते काम त्यांच्याकडे आलं आणि त्यांना ते आवडूनच गेलं. पांढरी टोपी, पांढरा शर्ट, आणि पँटच्या खिशात कन्हान नदीतले सहा गुळगुळीत खडे. एक बॉल पडला की एक खडा डाव्या खिशातून उजव्या खिशात. मी सोबत जायची, स्कोअर लिहायची. येताना गाडीत ते मला निर्णय समजावून सांगायचे, आणि सगळ्या निर्णयांच्या मुळाशी त्यांचं एकच तत्त्व असायचं. बॅट्समन आउट आहे हे अंपायरला स्वच्छ दिसलं तरी समोरच्यांनी विचारल्याशिवाय बोट वर करायचं नाही. "आपल्याला दिसलं म्हणून बोलायचं नसतं, मंजू. विचारलं की बोलायचं." हे ते क्रिकेटबद्दल सांगत होते, पण आमचं घरही त्याच नियमावर चालायचं. आईनं बढतीचं विचारलं नाही तर बाबा सांगायचे नाहीत, बाबांनी गुडघ्याचं विचारलं नाही तर आई बोलायची नाही, आणि मला मार्क विचारले नाहीत तर मी कशाला सांगू. ते खडे आता माझ्या टेबलावर असतात. कागद उडू नयेत म्हणून ठेवलेत असं मी लोकांना सांगते.

बेसबॉल माझ्या आयुष्यात आला तो हायस्कूलच्या सुट्टीत. गावच्या लहान मुलांच्या लीगला अंपायर हवे होते. मला क्रिकेटचं माहीत होतं, म्हटलं यात काय एवढं, आणि उभी राहिले. पहिल्याच दिवशी बॉल टाकणाऱ्या एका आठ वर्षांच्या पिचरच्या आईनं मला जे काही ऐकवलं ते इथे लिहीत नाही. पण मला ते काम आवडलं. कारण सांगायचं तर, तिथे कुणी विचारण्याची वाट बघायची नसते. प्रत्येक बॉल पडला की बोलायचंच. बॅटरच्या टप्प्यात आला तर स्ट्राइक, नाही तर नुसता बॉल, रनर सेफ किंवा आउट, आणि तेही पार्किंग लॉटपर्यंत ऐकू जाईल असं. बाबा कुंपणाच्या बाहेर फोल्डिंग खुर्ची टाकून बसायचे आणि नाक मुरडायचे. "इथे बिचाऱ्या बॅटरला शंकेचा फायदा कुणी देतच नाही," म्हणायचे. पण दोन वर्षांत नियमांचं पुस्तक त्यांनी माझ्याआधी वाचून संपवलं, आणि फ्लोरिडात व्यावसायिक अंपायर तयार करणारी शाळा असते, जानेवारीत महिनाभर चालते, त्यातून निवडक लोकांना पुढे खऱ्या लीगमध्ये घेतात, हे त्यांनीच शोधून काढलं. मी तेव्हा वीस वर्षांची होते, कॉलेजात मन लागत नव्हतं. ऑगस्टमध्ये डायनिंग टेबलावर बसून आम्ही दोघांनी फॉर्म भरला. आई पोळ्या लाटत होती. तिनं विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. कन्फर्मेशनचं पत्र आलं तेव्हा तिनंच ते टेबलावर आणून ठेवलं, उघडलेलं.

आता सप्टेंबरमधला तो शनिवार. ओव्हर संपली, फील्डर इकडचे तिकडे झाले, आणि बाबा स्टंपमागून स्क्वेअर लेगला निघाले. अंपायरकडे त्या वेळात कुणी बघत नाही. बॅट्समन ग्लोव्ह्ज सारखे करतात, कॅप्टन हातवारे करतो, बाहेरचे पाण्याच्या बाटल्या शोधतात. मी बघत होते, कारण स्कोअर लिहून झाला होता आणि दुसरं काही करायला नव्हतं. बाबा मध्येच थांबले. एक हात गुडघ्यावर टेकला, दुसऱ्यानं डावा जबडा चोळला, कानापासून खाली हनुवटीपर्यंत, दोन-तीनदा. मग ताठ उभे राहिले, जाऊन आपल्या जागी पोचले आणि खिशात हात घातला. स्टंपमागे परत आल्यावर पुढच्या ओव्हरमध्ये त्यांनी सात बॉल टाकू दिले. माझ्या वहीत ते सात बॉल आहेत. बाबांचा एक खडा चुकला असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

गाडीत मी विचारलं. ते म्हणाले, "ॲसिडिटी गं. सकाळचे पोहे तेलकट झाले होते." मी म्हटलं, जबड्यात ॲसिडिटी होते का. ते हसले. मग सिग्नलला थांबल्यावर समोर बघत म्हणाले, "आईला कशाला सांगते उगीच. विचारलं तिनं तर सांग." घरी पोचलो. आईनं विचारलं, "जेवून आले का तुम्ही लोक, की वाढू?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, वाढ. त्यानंतरचे तीन आठवडे ती मला रोज काही ना काही विचारत होती, कपडे वाळले का, दूध आहे का, आणि ते एक सोडून सगळं मी सांगत होते.

ऑक्टोबरमधल्या एका मंगळवारी सकाळी बाबा गाडी काढायला गराजमध्ये गेले. दार वर गेल्याची घरघर आम्ही दोघींनी ऐकली. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला नाही. आई ओट्यापाशी होती, मी टेबलापाशी. आम्ही दोघी किती वेळ त्या आवाजाची वाट बघत होतो हे मला आजही सांगता येत नाही. आधी हलली ती आई.

नंतरच्या दिवसांचं मला फारसं आठवत नाही, आणि जे आठवतं ते डब्यांचं आठवतं. कॅरीहून, चॅपल हिलहून लोक जेवण घेऊन येत होते. वरण-भात, उसळी, मऊ पोळ्या फॉइलमध्ये. झाकणांवर मास्किंग टेपवर नावं लिहिलेली, कुणाचा डबा कुणाकडे परत जायचा ते कळावं म्हणून. मी रोज दुपारी ते डबे घासायची, पुसायची, नावांप्रमाणे लावून ठेवायची. कुणी काकू पाठीवर हात ठेवून "रड बाळा, मोकळी हो" म्हणाल्या की मी मान हलवायची. मला रडू येत नव्हतं. खरं सांगायचं तर मला काहीच येत नव्हतं, भूकही नाही. दात काढताना डेंटिस्ट इंजेक्शन देतो आणि मग गालाला हात लावला तर तो दुसऱ्याचा वाटतो, तशी मी अख्खी झाले होते. आत एकच वाक्य जागं होतं: मला दिसलं होतं. हे आईला सांगायला हवं, हे मला रोज सकाळी उठल्यावर कळायचं. आणि तिनं विचारलं नाही, हे रोज संध्याकाळी.

डिसेंबरात आई म्हणाली, "ते फ्लोरिडाचं काय करून राहिली तू?" मी म्हटलं, कॅन्सल करते. ती म्हणाली, "कायले कॅन्सल करते? त्यांनी भरलाय न फॉर्म." मग कणीक मळायला लागली. मी गेले. जावंसं वाटलं म्हणून नाही. न जाण्यासाठीही काहीतरी वाटावं लागतं, तेही नव्हतं.

ती शाळा म्हणजे चार मैदानं, एक पत्र्याची शेड आणि सकाळपासून दुपारपर्यंत ओरडणं. रांगेत उभं राहायचं, समोर ना पिचर ना बॅटर, आणि हुकूम आला की वाकायचं, नसलेला बॉल बघायचा, स्ट्राइक म्हणून ओरडायचं. मग आउट. मग सेफ. शेकडो वेळा. बहुतेक सगळे गोरे, दणकट, खेड्यापाड्यांतून आलेले पुरुष. बायका आम्ही दोघीच, मी आणि माझी रूममेट. मला शिकवायला जो होता त्याचं नाव वॉल्ट. साठीचा, गुडघ्याला पट्टा, तोंडात कायम सूर्यफुलाच्या बिया. बोलायचा कमी, आणि बोलला की टरफल थुंकून मग बोलायचा.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. आउटसाठी उजवी मूठ आवळून दारावर ठोकल्यासारखी पुढे मारायची असते. हुकूम आला, सगळ्या रांगेनं मूठ मारली, आणि माझं बोट वर गेलं. ताठ, आभाळाकडे, कोपर अंगाशी. बाबांचं बोट. रांगेत हशा पिकला. कुणीतरी विचारलं, पाऊस येतोय का बघते आहेस? मी लहान मुलांच्या लीगमध्ये दोन वर्षं व्यवस्थित मूठ मारत आले होते, असं कधी झालं नव्हतं. आणि आता दर वेळी होत होतं. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. वॉल्ट आला, टरफल थुंकलं आणि म्हणाला, "हे कुठून आलं?" मी म्हटलं, माझे वडील क्रिकेटमध्ये अंपायर आहेत. 'होते' म्हणायचं राहिलं. त्यानं खिशातून पांढऱ्या चिकटपट्टीचं रीळ काढलं आणि माझं बोट तळव्याशी बांधून टाकलं. "झोपताना सोड," म्हणाला, "सकाळी परत बांध." आठवडाभर मी तशीच जेवले, तशीच लिहिलं. रूममेट मला सकाळी सैल झालेली पट्टी घट्ट करून द्यायची. बोटाला मुंग्या यायच्या. अंगात तेवढी एकच जागा होती जिथे काहीतरी जाणवत होतं, म्हणून मी ती झोपतानाही सोडत नसे.

एक गोष्ट मात्र मला तिथे लगेच जमली. पहिल्या बेसवरचा निर्णय. रनर धावत येतोय, बॉलही येतोय, आधी कोण? नवखा माणूस दोन्हीकडे बघायला जातो आणि दोन्ही चुकवतो. डोळे बेसवर, जमिनीवरच्या त्या पांढऱ्या उशीवर ठेवायचे, रनरचा पाय कधी पडतो ते बघायचं, आणि बॉल ग्लोव्हमध्ये पडल्याचा आवाज कानांनी ऐकायचा. बॉलकडे बघायचंच नाही. बाकीचे गोंधळायचे, मी एकदाही चुकले नाही. वॉल्ट म्हणाला, तुझे कान भारी आहेत. आमच्या घरात जी वाढली तिचे कान भारीच असणार. कुकर, गराज, जिना. कोण कसं आहे हे आम्ही आवाजावरून ओळखायचो, आणि मग गप्प बसायचो.

शेवटच्या आठवड्यात परीक्षेच्या मॅचेस असतात. जवळच्या कॉलेजांची मुलं येऊन खेळतात, दोन अंपायर, एक बॅटर उभा असतो त्या होम प्लेटमागे, एक मैदानात, आणि कुंपणापाशी परीक्षक पॅड घेऊन. पुढे कुणाची शिफारस जाणार ते यावर ठरतं. त्यात एक खोच असते: शाळावाले कधीकधी खेळाडूंनाच सांगून ठेवतात की अमुक वेळी मुद्दाम चूक करा, बघू यांच्या लक्षात येतं का. मी मैदानात होते. सहावी इनिंग, बरोबरी, पहिल्या बेसवर रनर. बॅटरनं चेंडू उजवीकडे लांब मारला. रनर सुटला, दुसऱ्या बेसला वळसा घेऊन तिसऱ्याकडे, तिथून घरी, म्हणजे होम प्लेटवर, की एक रन. सगळं मैदान बॉलकडे बघत होतं. मी पायांकडे बघत होते. दुसऱ्या बेसवर त्याचा पाय पडला नाही. चार बोटं अंतर होतं, लाल मातीत बुटाची खूण उठली, पांढऱ्या बेसला स्पर्शही नाही.

आता बेसबॉलमध्ये इतर सगळं ओरडून सांगायचं असलं, तरी ही एक गोष्ट अपवाद आहे. वाटेतल्या प्रत्येक बेसला पाय लावावाच लागतो, पण रनरनं तो चुकवला तर अंपायरनं चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. समोरच्या टीमनं बॉल त्या बेसवर आणून विचारलं, तरच आउट द्यायचा. पुढचा बॉल टाकायच्या आत विचारलं नाही, तर संपलं. रन पक्की. मी माझ्या जागी जाऊन उभी राहिले. त्यांचा सेकंड बेसमन बेसपासून तीन पावलांवर होता, बुटाची माती झटकत. मी त्याच्याकडे बघितलं नाही. तेही बघायचं नसतं. पिचरनं बॉल हातात घेतला. मला वाटत होतं, विचार. कुणीतरी विचारा रे. पिचर मान खाली घालून कॅचरची खूण बघत राहिला. मग त्यानं बॉल टाकला. ती टीम एका रननं हरली.

मॅच संपल्यावर वॉल्टनं मला कुंपणापाशी बोलावलं. टरफल थुंकून म्हणाला, "सहावी इनिंग. दुसरा बेस. बघितलंस?"

मी म्हटलं, "हो. पाय पडला नाही. चार बोटं."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणी विचारलं नाही."

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं आणि पहिल्यांदाच हसला. "आज सगळ्या मैदानांवर आम्ही हीच चूक करायला लावली होती. तिघांनी तो पाय बघितला. दोघांच्या चेहऱ्यावर तो दिसला. तुझ्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. असाच चेहरा लागतो." पॅडवर त्यानं काहीतरी लिहिलं आणि मला दिसावं म्हणून पॅड फिरवलं. त्या रकान्यात पैकीच्या पैकी होते.

मी थँक यू म्हटलं. शेडमध्ये गेले, चेस्ट प्रोटेक्टर्सच्या ढिगावर बसले. बाहेर अजून चांगलं ऊन होतं. बोटावरची पट्टी केव्हाच निघाली होती, तरी ते बोट मी तळव्याशी दाबून धरलं होतं. बाबांचे ते शेवटचे तीन आठवडे माझ्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. आई समोर बसून मला वरण वाढत होती, आणि मी पैकीच्या पैकी. मला भीती वाटली. कितीतरी महिन्यांनी काहीतरी वाटलं, आणि ती भीती होती: हे असंच जमत राहील मला. जन्मभर. मी फोन काढला.

आईनं लगेच उचलला. "काय करून राहिली? जेवली का?" मागे कुकर होता. मी म्हटलं, आई, मला सांगायचंय. तू विचारलं नाहीस तरी सांगायचंय. आणि सांगितलं. गुडघ्यावरचा हात, जबडा, सातवा बॉल. गाडीत काय म्हणाले ते. माझा आवाज शेडच्या पत्र्यावर आपटत होता; बाहेरून जाणाऱ्या दोघांनी वळून बघितलं. मी ओरडत होते हे मला तेव्हा कळलं.

पलीकडे एक शिट्टी झाली. "थांब," आई म्हणाली, "गॅस बंद करते." तिच्या चपलांचा आवाज गेला आणि परत आला. मग तिच्या त्या खालच्या आवाजात म्हणाली, "पँट धुवायला टाकताना खडे काढते न मी. त्या खड्यांसोबत गोळ्यांची पट्टी असायची. ॲसिडिटीच्या. आधी एक, मग दोन-दोन. मी परत त्याच खिशात ठेवून द्यायची. म्हटलं, सांगतील. नाही तर तू सांगशील, तू असते न सोबत." मग म्हणाली, "मी रोज तुझ्या तोंडाकडे पाहायची. काही दिसायचंच नाही."

ती रडत होती की नाही मला ओळखता आलं नाही. माझे कान एरवी भारी असतात. माझी शिफारस गेली, मी सहा सीझन खालच्या लीगमध्ये काढले, त्याबद्दल लोक मला विचारतात आणि मी आनंदानं सांगते. आई आता माझ्याकडे असते, ऐकू कमी येतं तिला, त्यामुळे घरात आता भरपूर ओरडणं चालतं. पण त्या शेडमध्ये, फोनवर, तिनं नाक पुसलं आणि खुर्ची ओढल्याचा आवाज आला. आमच्या डायनिंग टेबलाची, बाबा जिच्यावर चढायचे ती, एक पाय घासणारी.

"बरं," ती म्हणाली. "मी आता विचारून राहिली तुला. पहिल्यापासून सांग. उभे कुठे होते ते?"

आणि मी सांगायला लागले. स्टंपपासून दहाएक पावलांवर, आई. स्क्वेअर लेगच्या बाजूला. टोपी घातलेली होती.